मंग?

नंदुरबारच्या बाहेर, पथारीवर, जानेवारीत
जमीन दिसत नाही. नुसती मिरची.
मी कडेला टेबल टाकून बसते.
वर तोलाचं रजिस्टर, त्याखाली पेपर,
पेपरखाली वही.
वहीत चार रकाने आखलेत :
कोण, कुठे, कितवे, कधी.

हे मला अभ्यासिकेतल्या हर्षल बागुलनं शिकवलं.
बातमी वाचायची नसते, म्हणाला, खुडायची असते.
शिखर परिषद असेल तर यजमान देश घे,
भाषणं सोड.
अहवाल असेल तर आपला क्रमांक घे,
उपाशी किती, ते सोड.
करार असेल तर सह्या झाल्या ते शहर.
मी समोर बघितलं. बाया देठ खुडत होत्या.
त्या देठ टाकतात आणि मिरची ठेवतात.
आम्ही देठ ठेवतो,
हे कळायला मला दोन पूर्वपरीक्षा लागल्या.

पेपर सव्वासातच्या एसटीनं धुळ्याहून येतो.
मथाबाई त्याच्याही आधी आलेली असते,
नाकावर फडकं, बोटांना गोडेतेल.
पाटीमागं पैसे मिळतात, तरी हात थांबवून विचारते,
"आज काय छापेल शे वं?"
मी सांगते. कुठला तरी राजदूत, कसली तरी लस,
कुठल्या तरी बेटावर निवडणूक.
एकदा सांगितलं, दूरच्या समुद्रात
मालाचं जहाज खडकावर चढून बसलंय.
रकान्यात लिहिलं : समुद्राचं नाव. जहाजावरचा झेंडा.
झालं. पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी, शिंकेच्या आधी की नंतर आठवत नाही,
"त्या जहाजनं मंग काय व्हयनं?"

पेपरात काही नव्हतं.
तिसऱ्या दिवशीही नव्हतं.
चौथ्या दिवशी पहिल्या पानावर दुसऱ्याच कुणाचा तरी शपथविधी,
आणि मथाबाई शपथ ऐकून घेते, मान हलवते,
"बरं. आनि जहाज?"

माझी परीक्षा फेब्रुवारीत होती, मग जूनमध्ये,
मग सूचना आली,
सुधारित दिनांक यथावकाश कळवण्यात येईल.
तोवर वहीतले अध्यक्ष बदलले,
क्रमांक दोन घरं खाली घसरला,
ज्यांना जीवनगौरव मिळाला ते गेले.
निळ्या शाईवर लाल शाई, लालवर पेन्सिल.
वरीलपैकी सर्व आणि वरीलपैकी एकही नाही
यांच्या मधे कुठेतरी माझं एकतिसावं वर्ष.
सुरतेहून भाऊ फोन करतो, विचारतो, कितवा प्रयत्न?
मामी विचारते, कधी?
सगळ्यांकडे माझेच रकाने.

मथाबाईनं मात्र परवा विचारलं,
"तुना पेपरनं मंग काय व्हयनं?"
यथावकाश, म्हटलं.
ती जरा थांबली.
"ते कोनता गावले शे?"
मी इतकी हसले की डोळ्यांत तिखट गेलं
आणि मग बराच वेळ
कशानं पाणी येतंय ते सांगता येईना.

आज अकराव्या पानावर, हवामानाच्या खाली,
चार ओळी :
जहाज ओढून काढलं. माल सुरक्षित.
यावर प्रश्न पडणार नाही. हर्षल तर वाचणारही नाही.
मी ब्लेडनं कापलं,
रजिस्टर तसंच उघडं टाकून
लाल ढिगांच्या मधून पळत गेले.
मथाबाई, निघालं! जहाज निघालं!

तिनं हातातली मिरची पाटीत टाकली, देठ मागं.
फडकं नाकावरून खाली घेतलं.
"आनि त्यावरना माणसे? घर गयात का?"

मी कात्रण उलटून बघितलं.
मागे सिमेंटची जाहिरात होती.